फळ्यावरच्या ऱ्हायनियाच्या गावी

पहिला दिवस : ग्लासगो

अठ्ठावीस वर्षं मी वर्गात फळ्यावर ऱ्हायनिया काढली, दगडात जपून राहिलेली जमिनीवरची एक फार जुनी वनस्पती. जमिनीची एक आडवी रेघ, तिला लागून सरपटणारं खोड, त्यावरून वर गेलेल्या आणि दोनदोनात फुटत गेलेल्या काड्या, काही काड्यांच्या टोकाला लांबट बीजाणुधान्या, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या. पानं नाहीत, मुळं नाहीत. दोन मिनिटांत आकृती पुरी व्हायची आणि मुलं ती पाच गुणांसाठी वहीत उतरवून घ्यायची. स्कॉटलंडमधल्या ज्या ऱ्हायनी गावावरून तिला हे नाव मिळालं, तिथं एकदा जाऊन यायचं हे निवृत्तीच्या आधीपासून मनात होतं. बहिणीची मुलगी बरोबर यायला तयार झाली. गाडी तिच्या हाती, नकाशा माझ्या.

सुरुवात मात्र मी मुद्दाम शेवटाकडून केली. ग्लासगोच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये, एका जुन्या खाणीच्या जागी, १८८७ साली अकरा बुंधे सापडले. ज्या जागी वाढले त्याच जागी, मुळं पसरलेली, उभेच्या उभे दगड झालेले. त्यांच्यावर छप्पर घालून ते तसेच राखले आहेत. वय सुमारे ३२ कोटी ५० लाख वर्षं. झाडं लेपिडोडेंड्रॉन या नामशेष झालेल्या उंच झाडाच्या कुळातली. पुरात गाडली गेली, आतला भाग कुजला, पोकळीत वाळू जाऊन बसली आणि तिचा दगड झाला. म्हणजे आपण पाहतो ते लाकूड नव्हेच, झाडाच्या पोकळीचा साचा आहे. तरीही मुळं दोनदोनात फुटत जाताना अगदी स्वच्छ दिसतात. फांदी असो की मूळ, एकाचे दोन, दोनाचे चार. फळ्यावरच्या ऱ्हायनियाचीच ती रीत होती.

"मावशी, एवढी मोठी झाडं इथे आहेत आणि तू वीतभर काडीसाठी पुढे निघालीस?" भाचीनं विचारलं.

उत्तर द्यायला मी तिला बाहेर नेलं. बागेच्या दगडी भिंतीवर शेवाळाची, म्हणजे मॉसची, हिरवी गादी होती आणि तिच्यातून केसासारखे तांबूस देठ वर आले होते, टोकाला तीळभर बोंडं. मे महिना या बोंडांचा. ही एक वनस्पती दिसते, पण इथे दोन पिढ्या आहेत. हिरवी गादी ही आई. तिच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो, आणि नर-मादी पेशी तीच तयार करते. पावसाच्या थेंबातून पोहत नरपेशी मादीपेशीपर्यंत पोचली की आईच्या अंगावरच गर्भ धरतो आणि त्यातून हा देठ आणि बोंड वाढतं. ते लेकरू. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच. बोंडात बीजाणू तयार होतात, वाऱ्यावर जातात, जिथे पडतील तिथे पुन्हा हिरवी गादी. लेकरू जन्मभर आईच्या डोक्यावर उभं राहतं, तिच्याकडूनच पाणी आणि बरंचसं अन्न घेतं आणि बीजाणू उधळून वाळून जातं.

आतल्या बुंध्यांमध्ये हेच नातं उलटं झालं आहे. तीस-तीस मीटर वाढणारं ते झाड म्हणजे लेकरू, आणि आई इतकी लहान की जवळजवळ कुणाच्या नजरेस न पडणारी. हा उलटफेर कसा झाला, ते पाहायला मी निघाले होते.

दुसरा दिवस : ग्लासगो, सूक्ष्मदर्शकापाशी

ग्लासगो या विषयाचं माहेरच म्हणावं. फ्रेडरिक ऑर्पेन बोवर १८८५ पासून चाळीस वर्षं इथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. वनस्पतींच्या दोन पिढ्यांचा फेरा १८५१ साली विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी उलगडून दाखवला होता. विद्यापीठाची पदवी नसलेला, वडिलांच्या पुस्तकविक्रीच्या धंद्यात काम करणारा माणूस! बोवर यांनी त्या फेऱ्याला जमिनीवरच्या जगण्याचं कारण जोडलं. त्यांचं म्हणणं मला अजूनही फार सुंदर वाटतं.

पाण्यातल्या कारासारख्या हिरव्या शैवालांत दुसरी पिढी नसतेच. नर-मादी पेशींचं मीलन होऊन जी एक पेशी बनते, ती लगेच विभागून पुन्हा पहिल्याच पिढीचे जीव तयार करते. पाण्यात हे चालतं, कारण तिथे मीलनाला अडचण नाही. जमिनीवर नरपेशीला पोहायला पाण्याचा पातळ थर लागतो आणि तो कधीतरीच मिळतो. मग एका मीलनातून चारच बीजाणू मिळवून भागेल का? त्याऐवजी त्या एका पेशीला आधी आईच्या अंगावर वाढू द्यायचं, तिच्या हजारो पेशी होऊ द्यायच्या आणि मग प्रत्येकीतून चार चार बीजाणू काढायचे. एका पावसाच्या मीलनातून हजारो बीजाणू. दुसऱ्या पिढीचं शरीर असं मध्ये घातलं गेलं.

बीजाणूचं कवच हीसुद्धा आयती मिळालेली गोष्ट होती. काराच्या फलित पेशीभोवती स्पोरोपोलेनिन नावाच्या अत्यंत टिकाऊ द्रव्याची भिंत असते. जमिनीवरच्या वनस्पतींनी ती फलित पेशीभोवती न घालता बीजाणूंभोवती घातली. म्हणून तर जमिनीवरच्या वनस्पतींचा सगळ्यात जुना पुरावा देठ किंवा पान नाही, बीजाणूच आहेत. अर्जेंटिनात सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात ते मिळाले. ज्यांनी ते उधळले त्यांची शरीरं मऊ होती, ती विरून गेली.

आज आधी पत्र पाठवून, परवानगी घेऊन ऱ्हायनीच्या दगडाच्या काचपट्ट्या बघायच्या होत्या. जीवाश्म-वनस्पतींचे अभ्यासक रॉबर्ट किडस्टन यांच्या पट्ट्यांचा संग्रह इथल्या हंटेरियन संग्रहालयात आहे. दगडाचा काप घासून घासून इतका पातळ करतात की त्यातून उजेड आरपार जातो.

मी डोळा लावला आणि कितीतरी वेळ काही बोलले नाही.

गोल काप. बाहेर उपत्वचेची रेघ, मेणचट थराची, पाणी आत कोंडून धरणारी. तिच्या आत मोठ्या मोठ्या पेशींची सालपट्टी आणि मधोमध गडद ठिपका, पाणी वाहून नेणाऱ्या पेशींचा. पेशींच्या भिंती एकेक करून मोजाव्यात इतक्या स्पष्ट. कालच संध्याकाळी कापून काचेवर ठेवल्यासारख्या. वय ४० कोटी ७० लाख वर्षं.

दुसऱ्या एका पट्टीवर त्वचेचा तुकडा होता आणि त्यात पर्णरंध्र. दोन घेवड्याच्या दाण्यांसारख्या पेशी समोरासमोर आणि मधे फट. या वनस्पतीला पानांचा पत्ता नाही, पण पर्णरंध्र आहे. नाव चुकीचं आहे खरं तर, ते देठावरच आधी आलं. उपत्वचेनं स्वतःला बंद करून घेतलं की हवा आत यायचीही बंद होते, म्हणून ही उघडमिट करणारी दारं. आज बहुतेक पानांच्या खालच्या बाजूला हेच दार आहे, फारसा बदल न होता.

मग अ‍ॅग्लाओफायटनची पट्टी. इथे माझा एक जुना हिशेब चुकता करायचा होता. मी ज्या आकृतीखाली 'ऱ्हायनिया मेजर' लिहीत आले, ती वनस्पती १९८६ सालीच ऱ्हायनियातून काढून अ‍ॅग्लाओफायटन या वेगळ्या नावाखाली ठेवली गेली होती. कारण तिच्या पाणी वाहणाऱ्या पेशींना आतून जाडसर कडी नाहीत. त्या मॉसच्या देठातल्या पेशींशी जास्त जुळतात. म्हणजे फांद्या फुटलेलं, स्वतःच्या बळावर उभं असलेलं लेकरू, पण आतली नळी अजून मॉसची. आधी नळी पक्की झाली आणि मग स्वातंत्र्य आलं, असं मी वर्गात सांगायचे. क्रम उलटा असू शकतो हे त्या पट्टीतून दिसतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी जुनं नाव शिकवलं याची खंत वाटली, पण त्याहून जास्त खंत ही वाटली की या वनस्पतीची खरी गंमत मी त्यांना सांगितलीच नाही.

अ‍ॅग्लाओफायटनच्या सालीच्या पेशींत झुडपासारखी बारीक फांद्यांची जाळी दिसते. ती बुरशी. आजही बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत राहणाऱ्या बुरशीच्या अशाच जाळ्या असतात. बुरशी मातीतला फॉस्फरस आणून देते, वनस्पती तिला साखर देते. ऱ्हायनीतला हा पुरावा १९९४ साली प्रसिद्ध झाला. मुळं नव्हती तेव्हापासूनची ही सोबत आहे. मुळाचं काम मुळाच्या आधी बुरशी करत होती.

आणि मुळं? अ‍ॅस्टेरोझायलॉन ही इथली सगळ्यात थोराड वनस्पती, अर्ध्या मीटरच्या आसपास, अंगावर खवल्यांसारखी पानं. कालच्या बुंध्यांचीच ती दूरची पूर्वज-शाखा. २०१८ साली तिच्या मुळाचं वाढतं टोक एका पट्टीत सापडलं. आजच्या मुळांच्या टोकावर असते ती टोपी त्याला नाही. मातीत घुसताना टोकाचं रक्षण करणारी टोपी पुढे आली. मूळ आधी उघड्या डोक्यानंच खाली गेलं.

तिसरा दिवस : उत्तरेकडे

दिवसभर प्रवास. ऍबर्डीनला मुक्काम. मे महिन्यात इथे रात्री दहालाही उजेड असतो. लिहिण्यासारखं आज फारसं नाही.

वाटेत भाचीनं एक प्रश्न विचारला तो मात्र इथे नोंदवते. "लेकरू स्वतंत्र झालं म्हणतेस, तर पहिलं स्वतंत्र लेकरू कोणतं?"

याचं उत्तर शोधताना कुकसोनिया या ऱ्हायनियाहूनही जुन्या वनस्पतीचं नाव येतं. विल्यम हेन्री लँग यांनी १९३७ साली वेल्स आणि इंग्लंडच्या सीमेवरच्या खडकांतून तिचं वर्णन केलं आणि ऑस्ट्रेलियाच्या इझाबेल कुकसन यांचं नाव तिला दिलं. दोनात फुटलेली काडी, टोकाला तुतारीसारखं बोंड, उंची काही सेंटिमीटर. २००८ साली केविन बॉइस यांनी साधा हिशेब मांडला. यातल्या बऱ्याच काड्या इतक्या बारीक आहेत की पाणी वाहणारी नळी, आधार देणारा भाग आणि उपत्वचा वजा केली तर अन्न तयार करणाऱ्या हिरव्या पेशींना जागाच उरत नाही. म्हणजे त्या काड्या अजून आईच्या जिवावर जगत असणार. मग २०१८ साली प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयातला एक नमुना पुढे आला, एकोणिसाव्या शतकात योआखिम बारांद यांच्या संग्रहात जमा झालेला. वय ४३ कोटी २० लाख वर्षं आणि काडी चांगली जाड. हे लेकरू स्वतःचं अन्न स्वतः करत असावं, असं अभ्यासकांनी मांडलं. दीडशे वर्षं ती कपाटात होती.

चौथा दिवस : ऱ्हायनी

ऍबर्डीनहून तासाभराची वाट. टॅप ओ' नॉथ नावाची टेकडी लांबून दिसायला लागली, माथ्यावर जुन्या किल्ल्याचा वितळून काचेसारखा झालेला तट असलेली. तिच्या पायथ्याच्या अंगाला गाव. गाव लहान, शांत.

बघायला काहीच नाही. हे मला आधीपासून माहीत होतं, तरी शेताच्या कडेला उभी राहिल्यावर घशाशी आवंढा आला. चर्टचा, म्हणजे ज्यात या वनस्पती जपल्या गेल्या त्या सिलिकाच्या कठीण दगडाचा, थर जमिनीच्या वर कुठेही डोकावत नाही, तो या गवताखाली आहे. जागा संरक्षित आहे, हातोडा लावायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. १९१२ साली एल्गिन गावचे डॉक्टर विल्यम मॅकी या भागाचे खडक अभ्यासत फिरत होते. शेतांच्या दगडी बांधांत रचलेले काही चर्टचे धोंडे त्यांनी उचलले, त्यांचे काप केले आणि त्यात त्यांना देठ दिसले. शेतकऱ्यांनी नांगराला अडतात म्हणून बाजूला काढलेले धोंडे! १९१७ ते १९२१ या काळात किडस्टन आणि लँग यांनी पाच निबंधांत या वनस्पतींची ओळख जगाला करून दिली. ऱ्हायनियाच्या एका जातीला त्यांनी आपल्या गेलेल्या सहकाऱ्याचं, ग्वीन-वॉन यांचं नाव दिलं.

बांधावर हात टेकून मी भाचीला ते जुनं दृश्य सांगत राहिले. इथे गरम पाण्याचे झरे होते, यलोस्टोनमध्ये आज आहेत तसे. उगमाशी उकळतं पाणी, पसरत दूर जाताना निवणारं, सिलिकानं भारलेलं. डबक्यांच्या कडेनं वीतभर उंचीचं हिरवं लव्हाळ्यासारखं रान. अधूनमधून पाणी चढायचं आणि उभ्या देठांच्या पेशीपेशींत सिलिका साकळायची. डबक्यात कारासारखी शैवालंही होती, पॅलिओनायटेला नावाची. म्हणजे पाण्यातली चुलतभावंडं आणि जमिनीवर चढलेली, दोघांचीही घरं एकाच शेतात सापडतात. देठांच्या गर्दीत कोळ्यांचे जुने नातलग शिकार करत, सहा पायांचे, उड्या मारणारे इवले स्प्रिंगटेल कुजलेले अवशेष खात, आणि अ‍ॅग्लाओफायटनच्या देठात सूत्रकृमी राहत.

पण मी ज्यासाठी आले ती गोष्ट यांहूनही लहान आहे.

आमच्या अभ्यासक्रमात ऱ्हायनियाच्या आकृतीखाली एक ओळ असायची : 'युग्मकपिढी अज्ञात'. आई कोण, ते ठाऊक नाही. १९६२ साली अलाहाबादचे दिव्यदर्शन पंत यांनी सुचवलं की ऱ्हायनियाच्या ज्या दोन जाती मानतात, त्यांतली बारीक ती जाड जातीची आईच असावी. पुढे बारीक जातीवरही बीजाणुधान्या निश्चित दिसल्या आणि ती कल्पना मागे पडली. पण पंतांनी प्रश्न नेमका जागेवर धरला होता. आई इथेच, याच दगडात, स्वतंत्र उभी असणार. १९८० साली जर्मनीच्या रेमी दांपत्यानं ती दाखवून दिली. लायनोफायटन : लहानसा उभा देठ, टोकाला पेल्यासारखा पसरट भाग, त्या पेल्यात नरपेशींच्या पिशव्या. देठावर पर्णरंध्रं, आत पाण्याची नळी. ती नळी आणि त्वचा अ‍ॅग्लाओफायटनशी जुळली. आई सापडली.

आई लेकरापेक्षा खूप लहान, पण पायाशी लोळणारी नाही. तिलाही देठ आहे, तिलाही दारं आहेत. पावसाचं पाणी पेल्यात साचावं आणि नरपेशींना पोहता यावं अशी तिची घडण. आणि लेकरू तिच्यापासून सुटून बाजूला उभं. दोन्ही पिढ्या आपापल्या पायांवर, एकाच वेळी, एकाच चिखलात. मॉसमध्ये हे नाही, मोठ्या झाडांत हे नाही. नेच्यांत आजही दोन्ही पिढ्या सुट्या जगतात, पण तिथे आई नखाएवढी सपाट पापडी होऊन राहिली आहे. तिला देठही उरला नाही, पर्णरंध्रंही नाहीत.

दुपारी पाऊस आला. गावाबाहेर ओढ्याची ओली दरड होती, तिथे मी गुडघे टेकून बसले. लिव्हरवर्टचे हिरवे चपटे फाटे मातीला चिकटलेले, त्यांच्याशेजारी मॉस, त्यावर नेच्यांची कोवळी गुंडाळी. तासभर भिंगानं शोधलं. मग एका दगडाच्या सांदीत ती दिसली : हृदयाच्या आकाराची, जेमतेम नखाच्या टोकाएवढी, कागदाहून पातळ. नेच्याची आई. तिच्या खाचेतून एकच इवलं पान वर आलं होतं. भाचीनं भिंग हातात घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

"हे पान मोठं झालं की हिचं काय?"

"वाळून जाते. काम झालं तिचं."

ती गप्प झाली. मीही.

पाचवा दिवस : दक्षिणेकडे

पुन्हा प्रवास. स्टोनहेवनजवळ काउईच्या किनाऱ्यावर तासभर थांबलो. इथे जमिनीवर हवेत श्वास घेणाऱ्या एका जुन्या मिलिपीडचा, म्हणजे पुष्कळ पायांच्या वाणीसारख्या किड्याचा, जीवाश्म मिळाला आणि २००४ साली त्याचं वर्णन झालं. त्या खडकाच्या वयावरून अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे. वनस्पतींशिवाय तो प्राणी काय खाणार होता, हा प्रश्न मात्र मनात येतोच. पाऊस, वारा, लवकर मुक्कामाला.

सहावा दिवस : सिकार पॉइंट

शेवटचा दिवस मी खडकासाठी ठेवला होता, आणि तो वनस्पतींचा खडक नव्हे. १७८८ साली भूशास्त्रज्ञ जेम्स हटन होडीतून इथे आले होते, सोबत जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल. एका पडक्या चर्चवरून वाट जाते आणि मग गवताचा तीव्र उतार. उतरताना भाचीनं माझा हात घट्ट धरला होता.

खाली करडे थर जवळजवळ उभे आहेत, पुस्तकं फळीवर लावावीत तसे. सुमारे ४३ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा खोल समुद्राचा गाळ. त्यांच्या डोक्यावर लाल वाळूचा दगड, किंचित कलता, सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी जमिनीवर आणून टाकलेला. दोघांच्या मधे एक वेडीवाकडी रेघ. हटन यांनी ती पाहून ओळखलं की खालचे थर समुद्रात बसले, उभे झाले, डोंगर झाले, झिजले आणि मग त्यांवर लाल वाळू आली. म्हणजे पृथ्वीच्या वयाला त्या काळी समजत होते त्याहून कितीतरी मोठा काळ लागणार. भूशास्त्राच्या दृष्टीनं ती रेघ म्हणजे हरवलेली साडेसहा कोटी वर्षं.

मी त्या रेघेवर तळहात टेकवला. खालच्या थरांच्या काळात जमिनीवर मॉससारखी हिरवी साय होती, बीजाणू होते, पण मातीच्या वर मान काढणारं जवळपास काही नव्हतं. वरच्या दगडाच्या काळात जंगलं होती. प्रागची जाड काडी, वेल्सच्या तुताऱ्या, ऱ्हायनीचं शेत, इंग्लंडमध्ये माइनहेडजवळ २०२४ साली जाहीर झालेलं ३९ कोटी वर्षांपूर्वीचं कॅलॅमोफायटन या आद्य झाडाचं रान, न्यूयॉर्क राज्यातल्या कैरो गावातली मुळांची जाळी : सगळं या रेघेतच येतं. दगडात इथे त्यातलं काहीही नाही. माझी अठ्ठावीस वर्षांची प्रकरणं माझ्या तळहाताखाली मावली होती.

नद्यांनी आणलेला तो लाल दगडही पाहिला. नद्यांचे काठ मुळांनी धरून ठेवायला सुरुवात झाली तसा चिखल जमिनीवर अधिक टिकू लागला, खडक अधिक खोलवर कुजून माती होऊ लागली. आज ज्याला आपण माती म्हणतो ती बऱ्याच अंशी वनस्पतींनी आणि त्यांच्या बुरशीनं केलेली आहे. त्या जमिनीवर राहायला आल्या तेव्हा खाली माती तयार नव्हती.

"मावशी, इथे काढ ना ती आकृती," भाची म्हणाली आणि तिनं वही पुढे केली.

मी आडवी रेघ मारली. सरपटणारं खोड, दोनदोनात फुटलेल्या काड्या, टोकाला बीजाणुधान्या. हात आपोआप चालला. खाली 'अ‍ॅग्लाओफायटन' लिहिलं. मग त्या रेघेवरच, थोड्या अंतरावर, लहानसा देठ काढला आणि त्याच्या टोकाला पेला. त्याच्या कडा, आतल्या पिशव्या, देठावरची दोन-तीन पर्णरंध्रं. ही आकृती मी आयुष्यात पहिल्यांदा काढत होते, त्यामुळे दोनदा खोडावी लागली. भरती चढायला लागली होती. वही पिशवीत घातली आणि आम्ही उतार चढायला लागलो.